फ्लेक्सवरचे आम्ही

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्याभरापूर्वी संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील संधी आणि आव्हाने'. मी म्हटलं, संधी काय आहेत ते हल्ली दहावीतली मुलंच मला सांगतात, आणि आव्हान म्हणाल तर रात्री साडेनऊचे कॉल. त्यापेक्षा मला कचऱ्यावर बोलू द्या. पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "मॅडम, एवढ्या शुभप्रसंगी कचरा?" तरी त्यांनी मान्य केलं, त्याबद्दल आभार. आपली शाळा ही अशीच आहे. पाचवीत मी 'माझा आवडता पक्षी' या निबंधात कावळ्यावर लिहिलं होतं, तेव्हाही बाईंनी दहापैकी सात दिले होते.

हा विषय माझ्या मानगुटीवर बसला तो एका फोटोमुळे. आमची 1996 ची दहावीची बॅच. पंचवीस वर्षं 2021 मध्ये झाली, पण तेव्हा कोरोना होता, म्हणून आमचा रौप्यमहोत्सव आम्ही डिसेंबर 2022 मध्ये केला. आपल्याच तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर, सुरूच्या बनात. किनाऱ्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. मुंबई, पुणे, गोवा, एक जण तर मस्कतहून, असे आम्ही अठ्ठेचाळीस जण जमलो. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, दुपारी माशांचं जेवण. अंताक्षरी झाली, रडून झालं, गेलेल्या दोन मित्रांच्या फोटोला हार घालून झाला. सगळं कसं छान. निघताना आमच्यातल्या दोघातिघांनी केटररला बजावलं की इथे एक कागद दिसता कामा नये. संध्याकाळी खरंच दिसला नाही. आम्ही एकमेकांना शाबासकी दिली आणि गाड्यांत बसलो.

पुढच्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या उधाणानंतर, मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. पाठवणारा आमच्याच वर्गातला. दहावीनंतर तो वडिलांच्या होडीवर गेला, आता त्याची स्वतःची होडी आहे. त्याचं नाव मी घेणार नाही, कारण तो इथे मागच्या रांगेत बसलाय आणि नाव घेतलं तर उठून जाईन अशी त्याने धमकी दिलीय. फोटोत लाटांनी कापलेली वाळू होती आणि त्या कापातून अर्धा बाहेर आलेला आमचा फ्लेक्स. 'रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा', खाली आमचे दहावीच्या वेळचे ओळखपत्रावरचे चेहरे. वरच्या ओळीत डावीकडून तिसरी मी, दोन वेण्या, तेल चोपडलेली. फ्लेक्सच्या आजूबाजूला बाटल्या, ताटल्या, चमचे. केटररने किनारा स्वच्छ केला होता हे खरंच होतं. त्याने सुरूच्या मागे खड्डा खणला, सगळं त्यात लोटलं आणि वर वाळू सारली.

फोटोखाली मित्राने एकच ओळ लिहिली होती. "हेच्यात तू पण आसस."

मी तो फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकला. पुढचे दोन दिवस काय झालं असेल ते तुम्ही ओळखालच. पहिला सूर, केटररची चूक आहे, त्याला जाब विचारा. दुसरा सूर, फोटो डिलीट कर, बाहेर गेला तर शाळेचं नाव खराब होईल. एकाने हात जोडलेली इमोजी टाकली आणि पाठोपाठ सुप्रभातचा संदेश. दोघींनी तासाभरात पैसे पाठवले, कोणाला ते न विचारताच. आणि बाकीचे वाचून गप्प राहिले, निळ्या खुणा दिसत होत्या. मीही पहिल्यांदा केटररवरच चिडले होते. रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात आलं, त्याने खड्ड्यात पुरलं नसतं तर कुठे नेलं असतं? त्याला आपण जागा दाखवली होती का? नव्हती. आम्ही फक्त 'दिसता कामा नये' एवढंच म्हटलं होतं, आणि त्याने ते शब्दशः पाळलं.

आता मला जरा मागे जायचं आहे, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांना ते आठवत असेल. आमच्या लहानपणी घरातला कचरा कुठे जायचा? माडाच्या आळ्यात. माशाचं धुवण, भाजीची देठं, चुलीतली राख, नारळाची सोडणं, सगळं माडाच्या मुळाशी. वाण्याकडचा माल वर्तमानपत्राच्या पुडीत यायचा, वर सुतळीचा दोरा, तो दोराही आई गुंडाळून ठेवायची. तेलाला घरची बाटली. चुकून एखादी प्लास्टिकची पिशवी मुंबईच्या काकांबरोबर आलीच, तर ती धुऊन दोरीवर कपड्यांबरोबर वाळत पडायची. मी अशा एका पिशवीतून दोन वर्षं शाळेत दप्तर नेलं आहे आणि त्याचा मला तोरा होता. बाकी जे काही माडाला चालत नाही ते, फुटकी कपबशी, तुटकी चप्पल, वहाळात नाहीतर दर्यात. दर्या सगळं पोटात घेतो, असं आजी म्हणायची.

या सवयीत तेव्हा काही वाईट नव्हतं. जे टाकायचो ते कुजायचं. मग 1997 मध्ये आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढच्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. हे दोन्ही होणं गरजेचं होतं. ज्यांना त्या आधी मुंबईला जायला एसटीत रात्र काढावी लागली आहे त्यांना मी हे सांगायला नको. पण त्याबरोबर शांपूच्या पुड्या आल्या, चिप्स आले, गुटखा आला, पाण्याच्या बाटल्या आल्या. टाकायची वस्तू बदलली. टाकणारा हात तोच राहिला, घरमागे आणि वहाळात जाणारा.

त्या गणपतीत मी चार दिवस आधी आले. मित्र, मी, गावातले आणखी तिघे वर्गमित्र, अशा आम्ही पाच जणांनी तो खड्डा उकरला. नंतर किनाऱ्यावरून आणखी काही गोण्या भरल्या आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्या शाळेच्या मैदानावर ताडपत्रीवर ओतल्या. आठवी-नववीची मुलं होतीच. आम्ही त्यांना म्हटलं, हा कुणाचा कचरा ते ओळखायचं. जसं गुन्ह्याचा तपास.

तोपर्यंत किनाऱ्यावर मी ज्याला विचारलं त्याच्याकडे उत्तर तयार होतं. हॉटेलवाला म्हणाला, "हो कचरो आमचो न्हय, पावण्यांचो." कोल्हापूरचे एक पाहुणे गाडीत बसता बसता म्हणाले, अहो आम्ही पार्किंगचे पैसे दिलेत, झाडायला माणसं ठेवा की. मच्छीमारांच्या मते हे सगळं मुंबईहून पाण्यातून येतं. आणि पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांच्या मते कोकणातल्या लोकांनाच सौंदर्याची किंमत नाही.

मुलांनी ढीग लावले तर गंमत झाली. पाहुण्यांचा ढीग मोठा होता, नाही असं नाही. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या, दारूच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, लहान मुलांचे डायपर. पण त्याच्या शेजारी वाढत गेलेला ढीग घरगुती होता. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शांपूच्या पुड्या, औषधांची रिकामी पाकिटं, टूथब्रश, आणि निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, आत फुलं कुजून गेलेली आणि पिशवी नवीकोरी. तिसरा ढीग दर्यावर जाणाऱ्यांचा होता. नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, दोर, थर्माकोलचे बोये. माझा होडीवाला मित्र त्या ढिगाजवळ बराच वेळ उभा होता. मग त्यातलं जाळं उचलून म्हणाला, हे आमच्याच बाजूचं आहे, गाठ ओळखू येते. एका मुलीने विचारलं, "काका, चौथा ढीग शाळेचा करायचा ना?" कारण तिला बॉलपेनच्या रिफिलींचा पुडका मिळाला होता. केला मग.

हे सगळं किनाऱ्यावर आलेलं. पण जे किनाऱ्यावर येत नाही त्याचं काय, हे मुलांना दाखवायला मी एक बादली समुद्राचं पाणी आणायला लावलं. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे एवढी हौस तुम्ही सहन करा. समुद्राच्या पाण्याचं वजन लिटरला साधारण एक किलो पंचवीस ग्रॅम. पिशवीचं प्लास्टिक, बाटलीच्या बुचाचं प्लास्टिक त्याहून हलकं, ते तरंगतं. बाटली स्वतः ज्या प्लास्टिकची असते, ज्याला आपण पेट म्हणतो, ते जवळजवळ एक पूर्णांक चार पट जड. नायलॉनही पाण्यापेक्षा जड. बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगते. बूच निघालं, पाणी शिरलं, की तळाशी. मुलांनी बादलीत एकेक वस्तू टाकून पाहिली. बूच वर, बाटलीचा तुकडा खाली, चपलेचा तुकडा वर, जाळ्याची गाठ खाली. म्हणजे किनाऱ्यावर आपल्याला दिसतो तो फक्त तरंगणारा भाग. बुडालेला भाग माझ्या मित्राला दिसतो, जाळं ओढताना. रापणीत मासळी कमी आणि पिशव्या जास्त, असं तो म्हणायचा तेव्हा मला वाटायचं की हा जरा वाढवून सांगतोय.

थर्माकोलचं आणखी वेगळं. त्यात जवळजवळ सगळी हवाच. ऊन आणि लाटा मिळाल्या की त्याचे साबुदाण्यासारखे दाणे सुटतात. ते दाणे वाळूतून वेचून बघा एकदा. आम्ही हातभर जागेत पाऊण तास घालवला, मग सोडून दिलं. सिमेंटच्या आणि खताच्या पांढऱ्या गोण्यांचंही तसंच, उन्हाने त्यांचे तंतू तंतू होतात. त्यामुळे कचरा उचलायचा असेल तर तो अख्खा असतानाच. नंतर तो वाळूचाच भाग होतो.

बरं, ढीग लागले. पुढे? इथे माझी खरी शिकवणी सुरू झाली. आमच्या कामात प्रोग्राममध्ये चूक सापडेना की आम्ही एक आकडा पकडतो आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठे कुठे जातो ते पाहत राहतो. तसं मी एका कचराकुंडीच्या मागे लागले. किनाऱ्याच्या वाटेवर डॉल्फिनच्या आकाराची छान निळी कुंडी होती. पाहुणे तिच्याजवळ उभे राहून फोटो काढायचे आणि कचराही टाकायचे, अगदी शहाण्यासारखे. दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो आला, कुंडी उलटी केली आणि निघाला. मी मित्राच्या स्कूटरवरून मागे. टेम्पो खाडीच्या कडेला, तिवरांच्या मागे जाऊन रिकामा झाला. भरतीला तिथे पाणी येतं. म्हणजे ज्या पाहुण्याने शिस्तीने कुंडीत टाकलं आणि ज्याने वाळूत फेकलं, दोघांचा कचरा दर्यातच गेला. शिस्तीचा दोन दिवस उशिरा, एवढाच फरक. टेम्पोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, मला जागा दिलेली नाही, खेपेचे पैसे दिलेत.

मग भंगारवाल्याकडे गेलो. हा माणूस मला सगळ्यांत स्पष्ट वाटला. बाटल्या घेतो म्हणाला, पण दोनशे मिलीच्या नको. का? ती बाटली साधारण दहा ग्रॅमची. किलोभर व्हायला शंभरएक वेचायच्या, चेपायच्या, आणि एवढं करून ट्रकमध्ये जागा तेवढीच. घाट चढवून कोल्हापूरला न्यायचं भाडं सुटत नाही. चिप्सचं पाकीट फुकट दिलं तरी नको, कारण त्यात प्लास्टिकच्या थरावर धातूचा मुलामा, पुन्हा प्लास्टिक, ते वेगळं कोण करणार? थर्माकोल म्हणजे हवा वाहून नेणं. त्याच्याकडे भावांची एक वही होती. ती वही वाचली की किनाऱ्यावर काय उरणार हे आधीच कळतं. ज्याला भाव आहे ते कोणीतरी उचलतं.

माझ्या चुलत वहिनीचा होमस्टे आहे, चार खोल्यांचा. ती स्वच्छतेची इतकी भोक्ती की पाहुण्यांना अंगणात चप्पल घालू देत नाही. ती रोज रात्री, पाहुणे झोपल्यावर, माडांच्या मागे प्लास्टिक जाळते. मी म्हटलं, वहिनी, हा धूर विषारी. ती म्हणाली, "मगे काय करू? गाडी येणा नाय. ठेवलंय तर कुत्री ओढतत." पाहुण्यांना सांग की बाटल्या आणू नका, असं मी सुचवलं. "पावण्यांका कसा सांगायचा? रागावले तर परत येवचे नाय." आणि हल्ली तर रागावून जाताना मोबाइलवर एक तारा देऊन जातात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करून मी बादली दाराबाहेर ठेवते आणि ती नाहीशी होते. कुठे जाते ते मी तरी कधी पाहिलंय?

कायदे आहेत की. आपल्या राज्याने 23 मार्च 2018 ला अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी दंड सुरू झाला. त्या पावसाळ्यात मालवणच्या मासळीबाजारात मी डबा घेऊन आलेले लोक पाहिले आहेत, म्हणजे हे जमतं. दिवाळीपर्यंत पातळ पिशवी परत आली, टोपलीखाली लपून. मग 1 जुलै 2022 पासून देशभर काही वस्तूंवर बंदी आली. स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, आणि शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ फ्लेक्ससुद्धा. आमचा मेळावा त्यानंतर पाच महिन्यांनी. चमचे तर बेकायदा होतेच. फ्लेक्स किती मायक्रॉनचा होता हे आम्ही छापणाऱ्याला विचारलंच नव्हतं, अठ्ठेचाळीस सुशिक्षितांनी. मात्र त्या यादीत पाण्याची बाटली नाही आणि चिप्सचं पाकीटही नाही, हेही खरं.

एक कबुली देते. 2009 पासून दोन वर्षं मी कंपनीच्या कामाने जर्मनीत होते. तिथे 2003 पासून अशा बाटल्यांवर पंचवीस सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की पावती मिळते, तेवढे पैसे बिलातून वजा. मी एकेक बाटली जपून, पिशवीत भरून न्यायची. रस्त्यावर कोणी टाकली तरी दुसरा कोणी उचलायचा, कारण ते पैसेच आहेत. मी तिथल्या लोकांच्या संस्कृतीबद्दल घरी लांबलचक ईमेल लिहिले होते. सुट्टीत आले, मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला येताना पाण्याची बाटली संपली आणि खिडकीतून बाहेर. त्याच हाताने, त्याच आठवड्यात. शेजारी आई होती, तिने नुसतं पाहिलं. तेव्हापासून संस्कृतीबद्दल मी जरा कमी बोलते. माझ्यातली संस्कृती पंचवीस सेंटची होती.

आणि हे फक्त परदेशात चालतं असंही नाही. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून सरकारी दारूच्या दुकानातल्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात, रिकामी परत दिली की ते मिळतात. पर्यटनाचाच जिल्हा. केरळात कोल्लमजवळ 2017 पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत पाण्यात न टाकता बंदरावर आणायला सुरुवात केली. तिथे ते निवडतात, बारीक करतात आणि रस्त्याच्या डांबरात वापरतात. हे मी मित्राला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, बंदरावर घ्यायला माणूस कोण उभा असतो? बरोबर प्रश्न. तेवढा एक माणूस नसेल तर बाकीचं सगळं भाषण.

तो माणूस आपल्याच जिल्ह्यात उभा राहिलेला आहे हे आपण विसरतो. वेंगुर्ला. तिथल्या नगरपरिषदेचे मुख्याधिकारी रामदास कोकरे असताना घरोघर कचरा वेगवेगळा घ्यायला लागले, ओल्याचा बायोगॅस, सुक्याची आणखी निवड, प्लास्टिक बारीक करून रस्त्याला. कचरा डेपोची जागा अशी झाली की लोक ती बघायला जाऊ लागले. मीही 2017 मध्ये गेले होते, नवऱ्याला न सांगता, कारण सुट्टीत कचरा डेपो बघायला चल म्हटलं तर तो आलाच नसता. मला काय आठवतं सांगू? वास नव्हता. कचऱ्याच्या जागी उभं राहून मी दीर्घ श्वास घेतला. पुढे कोकरे कर्जतला गेले. अधिकारी बदलून जाणारच. तिथल्या घराघरातल्या बायकांना ओला-सुका करायची सवय लागली, ती मात्र बदलीवर जात नाही.

उत्तरेला वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे गावाने महोत्सव सुरू केला, घराघरात पाहुणे उतरू लागले. तिथे कासव जगलं तरच पाहुणा येणार, आणि मग पाहुण्याला काय करू नका ते सांगायला यजमान घाबरत नाही. माझ्या वहिनीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे कासव नाही ना.

आता आजच्या कार्यक्रमाकडे येते, म्हणजे भांडणाकडे. या मेळाव्याच्या पहिल्या बैठकीत आमच्या बॅचने मागणी केली, बाटल्या नकोत, फ्लेक्स नको. फ्लेक्सचं सहज मान्य झालं. बाहेर कापडावर रंगवलेला फलक तुम्ही पाहिलात तो आपल्या चित्रकलेच्या सरांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगवलाय. टाळ्या त्यांना. पाण्यावरून मात्र तीन बैठका झाल्या. कोणी म्हणालं, लोक ग्लास धुतला की नाही अशी शंका घेतात. कोणी म्हणालं, सरकारी पाहुणे येणार, त्यांना भांड्यातलं पाणी कसं द्यायचं, अपमान वाटेल. हे मला फार विचार करायला लावणारं वाटलं. आपल्याकडे दारी आलेल्याला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा देत होते. तो मान होता. आता मान म्हणजे सीलबंद बूच. लग्नात बघा, ज्याच्याकडे बाटल्या नाहीत त्याने खर्चात काटकसर केली असं म्हणतात. वहिनीची पाहुण्यांची भीती आणि आपली ही मानापानाची भीती, दोन्ही एकाच माडाचे नारळ.

शेवटी तडजोड झाली. आजी-माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून स्टीलचे चारशे ग्लास घेतले, ते यापुढे शाळेचेच राहतील. शेजारच्या गावांतल्या बचत गटाच्या ताई ते धुताहेत, त्यांना त्याचे पैसे ठरवून दिलेत. सकाळपासून तुम्ही सगळे त्यातूनच पाणी प्यायलात आणि कोणी आजारी पडल्याचं अजून तरी कानावर नाही. व्यासपीठ तेवढं अपवाद ठेवलंय. इथे आमच्यासमोर सात बाटल्या आहेत, दोनशे मिलीच्या, भंगारवाल्याला नको असलेल्या. मी कोणाला नावं ठेवत नाही, साहेबांनी मघाशी दोन घोट घेतले ते उकाड्यामुळे. माझी बाटली मी उघडलेली नाही. कार्यक्रम संपल्यावर ती दुकानात परत देणार आहे, घेतला तर.

केटररचं विचाराल तर, यंदाही तोच आहे. बदला असं काहींचं म्हणणं होतं. आम्ही त्याला बोलावून फोटो दाखवला. तो ओशाळला, मग म्हणाला, जागा सांगा, मी नेऊन टाकतो. यावेळी जागा सांगितली आहे. उष्टं आणि खरकटं शाळेच्या मागच्या खड्ड्यात, तो शेतीच्या सरांनी खणून घेतलाय. सुकं तीन गोण्यांत वेगळं, ते भंगारवाल्याकडे. त्याला नको असलेलं जे उरेल ते किती उरतं हे आम्हाला बघायचंय. ते आज संध्याकाळी वजन करून फळ्यावर लिहू. ते कुठे न्यायचं याचं उत्तर आज तरी आमच्याकडे नाही. चिप्सची पाकिटं कुठे न्यायची हे या सभागृहात कोणाला माहीत असेल तर कृपया मला भेटा, मी चेष्टा करत नाही.

आणि तो फ्लेक्स. तो फेकायचा तरी कुठे? मित्राने तो धुतला आणि आता पावसाळ्यात होडीच्या इंजिनावर झाकतो. चांगला जाड निघाला, शंभर मायक्रॉनच्या वरचाच असावा. मी मघाशी धक्क्यावर जाऊन पाहून आले. चेहरे फिकट झालेत, माझ्या वेण्या अजून दिसतात. मी तिथे त्याला हे सगळं भाषण आधी ऐकवायला लागले होते. तो म्हणाला, "आदी चाय घे, मगे भाषण कर. तुमी येतास नि जातास. आमी हयच रवतंव."

उद्या सकाळी साडेसहाला आम्ही काही जण किनाऱ्यावर जाणार आहोत, ओहोटीची वेळ आहे. ज्यांची गाडी दुपारची आहे त्यांनी यावं. हातमोजे आणि गोण्या शाळेच्या फाटकाशी ठेवल्या आहेत, जाड तळाच्या चपला घाला, काचा असतात. चहा मित्राच्या घरून येईल. पेले मोजकेच आहेत, तेव्हा आपापला आणा.